निवृत्तीनंतरचा चुना

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी बैठकीत विचारलं, "मुलगी नेमकं काम काय करते?" माझे वडील सरळ स्वभावाचे. ते म्हणाले, "सरकारी चुना लावते." बैठक आधी गप्प झाली आणि मग इतकी हसली की चहाचा ट्रे घेऊन येणारी माझी काकू दारातच थबकली. आपण काय बोललो ते वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांनी खरं तेच सांगितलं होतं आणि माझ्याही दृष्टीने ते खरंच होतं. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात मी जतन सहायक होते, आणि माझी सगळी नोकरी चुना भिजवण्यात, मुरवण्यात, दळून घेण्यात आणि लावून घेण्यात गेली. निदान जायला हवी होती.

नवरा नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात होता. म्हणजे घरातला एक जण दिवसभर नोटा छापायचा आणि दुसरी 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन संध्याकाळी घरी यायची. "एखादं बंडल खात्याला पाठवा की," असं मी त्याला म्हणायचे आणि तो दर वेळी नव्याने घाबरायचा. आता आम्ही दोघंही रिटायर होऊन इंदिरानगरला राहतो. कॉलनीतल्या बायकांना मी अजून चुनेवाली म्हणूनच माहीत आहे. कुणाच्या गच्चीतून पाणी गळलं की पहिली हाक मला येते.

तर आधी हा चुना काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पानाला लावतात तोच, पण त्याच्या मोठ्या घराण्यातला. चुनखडीचे दगड भट्टीत भाजले की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकला की खवळतो, उकळतो, वाफा सोडतो. याला चुना विझवणं म्हणतात. विझलेला चुना टाकीत भरून वर पाणी राखायचं आणि वाट बघायची. पाण्याखाली तो मुरतो. जितका जास्त मुरेल तितका मऊ, चिकट आणि टिकाऊ. टाकी कोरडी पडली की मात्र चुना मेला. मग तो पावडरीसारखा भुरभुरतो, कामाला येत नाही. मुरलेल्या चुन्यात वाळू आणि विटांची भुकटी घालून दगडी चाकाच्या घाणीत दळायचं, बेलफळाचं आणि गुळाचं पाणी घालायचं, आणि मग तो जुन्या भिंतीला लावायचा. अंडी घालतात का, असं मला प्रत्येक जण विचारतो. आम्हाला चुन्याचे पैसे मिळत नव्हते, अंड्यांचे कुठून मिळणार!

सिमेंट का नाही लावायचं, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. सिमेंट हट्टी असतं. ते स्वतः वाकत नाही आणि आतल्या ओलीला बाहेर पडू देत नाही. जुनी वीट मऊ असते; ती ओल कोंडून सडते, आणि वरचं सिमेंट मात्र ठणठणीत दिसतं. चुना भिंतीबरोबर जरा हलतो, ओल बाहेर सोडतो, आणि भेग पडली तर स्वतःच थोडीफार भरून काढतो. हे मी इतक्या अधिकाऱ्यांना समजावून सांगितलंय की शेवटी शेवटी मला स्वतःच्या आवाजाचा कंटाळा यायचा.

आता यातली गोम बघा. चुन्याला मुरायला महिने लागतात आणि सरकारी पैसा येतो फेब्रुवारीच्या शेवटाला. मार्च संपायच्या आत तो खर्च झाला नाही तर परत जातो. म्हणजे पैसा आल्यावर चुना भिजवायला घेतला तर तो मुरेपर्यंत पैसा गेलेला असतो. सिमेंटची गोणी मात्र दुपारी आणली की संध्याकाळी बिल तयार. आपल्या देवळांना आणि वेशींना जागोजाग सिमेंटची ठिगळं दिसतात, त्याचं अर्धं कारण हे कॅलेंडर आहे. म्हणून मी माझी एक पद्धत ठेवली होती. काम मंजूर असो नसो, जिथे पुढेमागे दुरुस्ती लागणार दिसेल तिथे किरकोळ देखभालीच्या पैशातून आधीच एक टाकी बांधायची आणि चुना मुरायला घालून ठेवायचा. "मॅडम, लोणचं घालतात तसं चुना घालतात," असं ऑफिसात म्हणायचे. म्हणोत बापडे.

अशी एक टाकी मी पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवेपासून आत असलेल्या एका गावात घातली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अंक वाचतील आणि फोन करतील. चहूकडे द्राक्षबागा आणि मधोमध महादेवाचं जुनं देऊळ. खालचा भाग दगडी, वरचं शिखर मागाहून कुणीतरी विटा-चुन्यात बांधलेलं. शिखरावर चुन्याच्या गिलाव्यात घडवलेल्या मूर्ती: पोपट, माकडं, दाढीवाले साधू. आणि पूर्वेच्या बाजूला एका कोनाड्यात बसलेली एक बाई. एक हात गुडघ्यावर, दुसरा कपाळावर आडवा धरलेला. उन्हातून रस्त्यावर कोण येतंय ते बघताना आपण धरतो ना, तसा.

ही कुणी देवी नव्हती. तिला शेंदूर नव्हता, नैवेद्य नव्हता. गाव तिला आत्याबाई म्हणायचं. गावात नवी सून आली की देवदर्शनानंतर तिला पूर्वेच्या बाजूला आणायचे आणि घरातलं कुणीतरी मान वर करून मोठ्याने ओरडायचं, "आत्याबाई, सून आली गं, हिचं नाव अमुक!" झालं, एवढंच. न गंध, न फूल. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खूप हसू आलं आणि मग का कोण जाणे, रडूही आलं. सासरी आलेल्या मुलीचं नाव कुणीतरी असं खणखणीत ओरडून सांगतंय, हे मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

परांची बांधून मी वर चढले आणि बोटांनी वाजवून बघितलं. आत्याबाईचा वर धरलेला हात पोकळ वाजत होता. गिलावा आतल्या विटेपासून सुटला होता. शिखरात पिंपळाची मुळं शिरली होती आणि पावसाचं पाणी तिच्या पाठीमागून आत जात होतं. लगेच पडणार नव्हती, पण तिला फार वेळही नव्हता. मुळं काढून मागे पातळ चुना भरायचा, भेगा बुजवायच्या, पाण्याची वाट बदलायची. काम मोठं नव्हतं. माझ्या नोकरीत मी यापेक्षा कितीतरी अवघड कामं केली. पण मनापासून करायचं म्हणून धरलेलं काम हे एकच, आणि तेच झालं नाही. म्हणून ते सांगते आहे.

त्या देवळाचा पहारेकरी निवृत्ती. निवृत्तीभाऊ म्हणायचे मी त्यांना. उंच, काटकुळे, डोक्यावर टोपी आणि तोंडात कायम तंबाखू. कागदोपत्री त्यांच्याकडे हे देऊळ आणि शिवाय दोन किल्ले होते, कारण किल्ल्यांवरचे पहारेकरी रिटायर झाल्यावर त्या जागा भरल्याच नव्हत्या. "किल्ल्यांवर जाता का हो कधी?" असं मी पहिल्या भेटीत विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "रोज बघतो की मॅडम. सभामंडपावर चढलं की दोन्ही दिसतेत हितून." बघितलं, तर खरंच दिसत होते. आमच्या खात्याचा पहारा तेव्हापासून असाच, लांबून बघण्याचा होता.

निवृत्तीभाऊ साधेसुधे वगैरे अजिबात नव्हते. ते भांडखोर होते. देवळाच्या खांबावर नाव कोरणाऱ्या पोरांना ते ज्या शब्दांत झोडायचे ते शब्द इथे छापता येणार नाहीत. एकदा गुप्तधन शोधणारा एक इसम लिंबू, कुदळ आणि एक भगत घेऊन आला. भाऊंनी त्याला अडवलं नाही. उलट, "हितं नाय, तिकडं खंदा," म्हणून त्याला देवळामागची तुंबलेली चर दाखवली. भल्या माणसाने दुपारपर्यंत चर मोकळी करून दिली. धन निघालं नाही, पण त्या पावसाळ्यात देवळात पाणी शिरलं नाही. त्या सालचं आमचं सगळ्यात चोख झालेलं काम ते.

टाकीची जबाबदारी मी भाऊंवर सोपवली. "वर कायम वीतभर पाणी राहिलं पाहिजे. कोरडी पडू द्यायची नाही. निधी आला की काम करायचंय," असं बजावलं. त्यांनी मान डोलावली आणि माझी पाठ वळायच्या आत बोटाने चुना काढून तंबाखूला लावला.

"भाऊ, सरकारी चुना आहे तो!"

"म्या बी सरकारीच हाय," भाऊ म्हणाले.

हा चुना चोरायची त्यांची सवय कधीच गेली नाही. मी ओरडायचे, ते हसायचे, आणि पुढच्या खेपेला तेच.

चुन्यावर डोळा असलेले दुसरे म्हणजे भाऊसाहेब, गावातले मोठे द्राक्षबागाईतदार. वेलींवर रोग पडू नये म्हणून बागेवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात. बाजारच्या चुन्यात खडे असतात, ते फवाऱ्याच्या नोझलमध्ये अडकतात. आमचा मुरलेला चुना लोण्यासारखा.

"मॅडम, दोन बादल्या द्या ना. नोझल चोंदत नाय तुमच्या चुन्यानं."

"नाही. तो आत्याबाईचा आहे."

"आत्याबाईला एवढा लागतोय व्हय?"

"तिचं झालं की उरलेला न्या."

ते हसून निघून जायचे. माणूस चांगला होता, हे मला मुद्दाम सांगायचंय. अशा गोष्टीत कुणीतरी एक वाईट माणूस लागतो असं वाचकांना वाटतं. मलाही तसा कुणी सापडला असता तर फार बरं झालं असतं. राग काढायला जागा मिळाली असती. पण तसा कुणी नव्हता. भाऊसाहेबांनी तर एकदा सरळ सांगितलं, "सरकारकडं पैसं नसतील तर मी देतो. माझ्या तिन्ही सुनांची नावं ऐकलीत आत्याबाईनं. तुमच्या पद्धतीनं करा, म्या मधी बोलणार नाय."

मी हरखले. देणगी घेता येते, तशी सोय आहे. प्रस्ताव करायचा, करार करायचा, आणि खात्याच्या अधिकाऱ्याने देखरेख करायची. मी प्रस्ताव केला. उत्तर आलं, देखरेखीसाठी अधिकारी उपलब्ध नसल्याने प्रस्ताव तूर्त विचारात घेता येत नाही. आमच्या विभागातली अधिकाऱ्याची जागा रिकामी होती. शेजारच्या विभागाचे साहेब अतिरिक्त कार्यभार म्हणून आमच्याकडे बघायचे, तेही निवृत्तीभाऊ किल्ल्यांकडे बघायचे तसंच. तेव्हा मला एक गोष्ट कळली. पैसे नसले तर काम होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण फुकट आलेले पैसे घ्यायलासुद्धा माणूस लागतो, आणि आमच्याकडे माणूसच नव्हता.

भाऊसाहेब थांबले. एकदा नाही, वर्षानुवर्षं थांबले. दर द्राक्षाच्या हंगामाला क्रेट घेऊन ऑफिसात यायचे आणि विचारायचे, "काय झालं आमच्या कागदाचं?" मी द्राक्षं परत पाठवायचे आणि त्यांना चहा पाजायचे. दुसरं काय देणार होते?

एका वर्षी मात्र निधी आला. खरोखर आला. मार्च अर्धा होत आला होता, पण माझा चुना टाकीत मुरून तयार होता. चुन्याचं काम करणारे गवंडी मी बोलीवर ठेवले होते. याच दिवसासाठी तर माझी ती लोणच्याची पद्धत होती! मी भाऊंना फोन केला, "परांचीचे बांबू बघून ठेवा." भाऊंनी आत्याबाईला खालून ओरडून सांगितलं म्हणे, "बाई, तुझी मॅडम येतीय!"

कार्यारंभ आदेशावर सही हवी होती ती साहेबांची. साहेब निवडणुकीच्या कामावर, दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांच्याकडे माणूस पाठवावा तर ऑफिसात शिपाई नाही. मी स्वतः जाईन म्हटलं, तर माझीच निवडणुकीच्या प्रशिक्षणाची ऑर्डर आली. नाही गेलं तर कारवाई. मी एका मंगल कार्यालयात बसून मतदान यंत्राला सील कसं लावायचं ते शिकत होते आणि तिकडे मार्च संपत होता. साहेब सापडले, त्यांनी सहीही केली, भला माणूस तो. पण ती सही घेऊन मी ट्रेझरीपर्यंत पोचले तेव्हा बिलं घेणं बंद झालं होतं. पैसा परत गेला. आमच्या भाषेत याला 'निधी व्यपगत झाला' म्हणतात. व्यपगत. कुणी मेल्यासारखा शब्द आहे, पण रडायला कुणी बसत नाही. पुढच्या वर्षाच्या मागणीची फाइल लगेच सुरू होते.

मी रडले. ट्रेझरीच्या जिन्यात बसून, चांगली मोठ्याने. मग गवंड्यांना नको म्हणून सांगितलं. भाऊंना सांगायला मात्र मला गावापर्यंत जावं लागलं. फोनवर धीर झाला नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुना तर हाय ना अजून? मंग झालं. त्यो काय परत जात नाय."

'व्यपगत' हा शब्द पुन्हा एकदा भेटला तो भाऊंच्या रिटायरमेंटच्या वेळी. पहारेकऱ्यांचा सगळा संवर्गच मृत घोषित झाला होता. हो, मृत संवर्ग असाच शब्द आहे. माणसं जिवंत आणि संवर्ग मृत. म्हणजे आहेत ते रिटायर झाले की त्यांच्या जागी कुणी येणार नाही. भाऊंच्या आदेशात शेवटी एक ओळ होती: 'सदर पद निवृत्तीनंतर व्यपगत होईल.' क्लार्कने ती त्यांना वाचून दाखवली. भाऊ आदेश हातात धरून माझ्या टेबलाशी आले. चेहरा नुसता फुलला होता.

"मॅडम, सरकारनं नाव घालून लिव्हलंय!"

"कुठे?"

"ह्ये काय. निवृत्तीनंतर. म्हंजी निवृत्तीच्या नंतर दुसरा कोण बसायचाच नाय त्या जागंवर. जागाच उचलली!"

नोकरीच्या कागदात 'निवृत्ती' म्हणजे रिटायर होणं, हा शब्द सगळ्यांच्याच बाबतीत येतो, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी तो शब्द स्वतःचं नाव म्हणून वाचला. की मला बरं वाटावं म्हणून तसं वाचल्यासारखं केलं? आजही मला नक्की सांगता येणार नाही.

"व्यपगत म्हंजी काय वो?" त्यांनी विचारलं.

"संपली. जागा संपली."

"तेच ना. माझ्यासंगं संपली," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले.

मी पेढा खाल्ला. निरोप समारंभात मी दोन शब्द बोलायला उभी राहिले आणि नेहमीसारखी फटकळपणे काहीतरी बोलून खाली बसले, कारण खरं बोलले असते तर समारंभ मोडला असता. निघताना भाऊ म्हणाले, "टाकीचं काय करायचं?"

"पाणी ठेवा वर," मी म्हटलं. "मी आहे अजून."

नंतर मीही रिटायर झाले. माझ्या जागेवर कुणी आलं नाही. माझ्या आदेशात मात्र ती ओळ नव्हती. माझी जागा रीतसर रिक्त आहे. म्हणजे कागदावर आहे, खुर्चीत नाही. भाऊंची आणि माझी कितीदा तुलना केली मी. त्यांची जागा निदान सन्मानाने गेली, असं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात भाऊसाहेबांचा फोन आला. आत्याबाईचा हात पडला होता. तोच, कपाळावर आडवा धरलेला. खाली शाळेतून घरी जाणारी मुलं होती. कुणाला लागलं नाही, पण गाव घाबरलं. घाबरणारच. ग्रामसभेत ठरलं की आता थांबायचं नाही.

"मॅडम, तुम्ही याल का? म्या त्यांना म्हटलंय, मॅडम म्हनतील तसं करू."

"भाऊसाहेब, मला आता कसलाही अधिकार नाही. परवानगीशिवाय मीही हात लावू शकत नाही."

"मंग परवानगी कोण देतंय?"

मी ऑफिसात फोन लावला. नव्या साहेबांकडे आणखी किती ठिकाणचा कार्यभार होता ते त्यांनाही नीट सांगता येईना. सभ्य मुलगा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मी नोटीस काढू शकतो. माणूस नाही पाठवू शकत."

परवानगीशिवाय काम करू नये, अशी नोटीस निघाली. गावकऱ्यांनी ती देवळाच्या दारावर नीट चिकटवली, आणि काम सुरू केलं.

मी या उन्हाळ्यात गेले. न जाण्याची कारणं पुष्कळ शोधली, पण शेवटी गेले. शिखर आता सिमेंटचं आहे, गुळगुळीत, पिवळं आणि गुलाबी. पिंपळ गेला, पोपट-माकडं गेली. आत्याबाई आहे. नवी आहे. कारागिराने मन लावून केली आहे, तिला काठाची साडी आहे, गालावर खळी आहे. पण तिला घडवणाऱ्याने जुनी बघितलेली नसणार, किंवा त्याला ती अर्धवट वाटली असणार. तिचे दोन्ही हात आता जोडलेले आहेत. ती रस्त्याकडे बघत नाही. कुणीही आलं तरी तिला आता कळणार नाही.

भाऊसाहेब शेजारी उभे होते. "बरं नाय झालं का, मॅडम?" त्यांनी इतक्या भीत विचारलं की माझा सगळा राग गळून गेला. मी म्हटलं, "मुलांच्या डोक्यावर पडणार नाही आता." हेही खरंच होतं. आतल्या विटेचं पुढे काय होणार ते मला माहीत आहे, पण ते मी त्यांना सांगून काय करू?

निवृत्तीभाऊ देवळात दिसले नाहीत. ते मागच्या बाजूला टाकीपाशी होते. पाठीत वाकले आहेत, आवाज मात्र तोच.

"लय दिस लावले मॅडम. बघा आता कसा झालाय."

त्यांनी वरचा पत्रा सरकवला. टाकीत चुन्यावर वीतभर पाणी होतं. त्या वेळी मला एकदम लख्ख समजलं की मी त्यांना रिटायरमेंटच्या दिवशी जे सांगितलं होतं ते कुणी मागे घेतलेलंच नव्हतं. बोअरचं पाणी आटलं तेव्हा ते घरून हंड्याने आणून घालत होते. मी हात आत घातला आणि चुना वर काढला. सगळ्या नोकरीत मी असा चुना बघितला नाही. दह्यावरच्या सायीसारखा. बोटांवरून ओघळेना, चिकटून राहिला. एवढा मुरायला कुणी कधी वेळच दिला नव्हता. जगातली कुठलीही जुनी भिंत याने धरली असती. आणि लावायला आता भिंत नव्हती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुन्याचा हात डोळ्याला लावायचा नसतो, म्हणून मी ते तसंच वाहू दिलं.

भाऊसाहेब मागून आले होते. त्यांचा गडी आणि दोन बादल्याही होत्या. छाटणीनंतर वेलींच्या खोडांना बोर्डो लावायचा हंगाम होता. ते टाकीकडे बघत उभे राहिले. निवृत्तीभाऊच म्हणाले, "ह्येंनी कितीदा मागितला. म्या म्हटलं, मॅडमचा चुना हाय, मॅडम म्हनल्याबिगर नाय. द्यायचा असला तर तुमीच द्या. माझ्या हातानं नाय."

मी बादल्या भरल्या. माझ्या हातांनी, फावड्याने, काठोकाठ. 'तिचं झालं की उरलेला न्या,' असं मीच म्हटलं होतं. आत्याबाईचं झालं होतं.

गडी बादल्या घेऊन गेला. भाऊ टाकीच्या काठावर बसले. खिशातून तंबाखूची पुडी काढली, तळहातावर घेतली, आणि मग थांबले.

"सरकारनं खरंच लिव्हलं व्हतं मॅडम," ते म्हणाले. "निवृत्तीनंतर काय नाय."

ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी टाकीकडे बोट केलं.

"चिमूटभर घेऊ का?"

सबंध नोकरीत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी "घ्या," म्हटलं.